वीस एमेमची वरात

आमच्या आत्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून आला की जीपमधून, हा आमच्या घराण्यातला १९६४ सालापासूनचा प्रलंबित दावा आहे. आतोबा म्हणतात घोडा. आत्या म्हणते जीप, आणि तीसुद्धा मागून आणलेली. "येवल्याचा माणूस चांदवडला लग्नाला जीपमधून येईल होय?" असं आतोबा विचारतात. "येवल्याचा माणूस पैठणी न घेता लग्नाला येतो, मग जीपमधून यायला काय झालं?" असं आत्या म्हणते, आणि मूळ दावा बाजूला राहून पैठणीची सुनावणी सुरू होते. साक्षीदार एकेक करून निघून गेले. जे उरलेत त्यांना त्या दिवशीची जिलबी तेवढी स्पष्ट आठवते.

पुरावा मात्र होता. थोरले काका व्यापारी जहाजावर नोकरीला. एडन बंदरात तेव्हा जकात लागत नसे, त्यामुळे तिथून येणारा जहाजी माणूस हमखास विजेवर चालणारं काहीतरी घरी घेऊन यायचा, मग घरात वीज असो वा नसो. काकांनी आठ एमेमचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणला होता, आणि आत्याच्या लग्नाचं रीळ काढलं होतं. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती पत्र्याची ट्रंक खाली आली, आणि साठ वर्षांचा दावा एकदाचा निकालात निघणार म्हणून आत्या-आतोबांना त्याच दिवशी बोलावणं गेलं.

प्रोजेक्टर ऑस्ट्रियातल्या युमिग कंपनीचा. व्हिएन्नातली ही कंपनी १९१९ साली निघाली, जगभर घरोघरी तिने प्रोजेक्टर पोचवले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाली. पण आमच्या यंत्राला ही बातमी कळलेली नव्हती. बटण दाबलं तर मोटर खर्रर्र करून फिरायला लागली, दिवा लागला, जळक्या धुळीचा वास सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर भला मोठा पिवळा डाग पडला आणि तसाच राहिला. रीळ लावलं तरी तो डागच, फक्त थरथरणारा. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, की यंत्राच्या तोंडाशी जिथे लेन्स असायची तिथे एक गोल भोक आहे.

चौकशी समिती बसली. धाकट्या चुलतभावाने फारसे आढेवेढे न घेता सांगितलं, की सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने ती लेन्स काढून दुर्बीण केली होती आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं.

"दुर्बिणीतून दिसायचं काय?"

"मला काही नाही दिसलं. पण परीक्षक 'छान' म्हणाले."

पुढे ती दुर्बीण शाळेत राहिली, शाळा नव्या इमारतीत गेली, दुर्बीण गेली नाही.

आता लेन्स शोधायची जबाबदारी माझ्यावर का आली, तर मी जन्मभर विज्ञान शिकवलं म्हणून. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर, सत्य प्रतिमा, उलट प्रतिमा हे सगळं मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय, की झोपेतही किरण समांतर काढीन. मात्र शाळेतली भिंगं फुटू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद असत, आणि कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या घरी असे. त्यामुळे खऱ्या भिंगाशी माझा संबंध चष्म्यापुरताच.

ट्रंकेत एक माहितीपुस्तिका होती, पण जर्मनमध्ये. पुतणी पुण्यात जर्मन शिकते. तिला पानांचे फोटो पाठवले. तासाभराने तिचा फोन आला. "काका, लेन्सचं सापडलं. लिहून घ्या." मी वही उघडली. "लेन्सला बोट लावू नये."

"आणि?"

"मऊ कापडाने पुसावी. पुढचं पान तुम्ही पाठवलंच नाही." पुढचं पान वाळवीने आमच्या आधी वाचलं होतं.

मग हिशेब मांडायला बसलो, बाजार समितीतल्या कांद्याच्या हिशेबपट्टीच्या पाठीमागे. आठ एमेमच्या रिळातलं एकेक चित्र ज्वारीच्या दाण्याएवढं, जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद. ते भिंतीवर किती मोठं दिसेल, याचं गणित सोपं आहे: चित्राच्या रुंदीला भिंतीच्या अंतराने गुणायचं आणि लेन्सच्या नाभीय अंतराने भागायचं. आमच्या खोलीत यंत्रापासून भिंत दहा फूट. वीस एमेमची लेन्स असेल तर चित्र सव्वादोन फूट. पंचवीसची असेल तर पावणेदोनच्या जरा वर. पन्नासची लावली तर अकरा इंच, म्हणजे आख्खी वरात पाटावर मावेल. घरगुती प्रोजेक्टरला वीस-पंचवीसच्या लेन्स असायच्या त्या याचसाठी. वीस एमेम पाहिजे हे ठरलं. आता भोकाचा व्यास.

इथे पट्टी घेऊन पहिले आतोबा पुढे झाले, मग आत्या. आतोबांच्या मापात भोक नेहमी मोठं निघायचं आणि आत्याच्या मापात लहान. शेवटी यंत्र उचलून हायवेवरच्या लेथवाल्याकडे नेलं. राहुड घाट चढून-उतरून आलेल्या ट्रकांना परत माणसात आणणारा हा माणूस. त्याने व्हर्नियर घातलं, माप घेतलं, ते ट्रकच्या रेडिएटरवर खडूने लिहिलं आणि म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका. कोणतीपण लेन्स आणा. बसवून देतो."

"कोणतीही कशी बसेल? जाड निघाली तर?"

"मग भोक मोठं करू की!"

मी यंत्रावर दोन्ही हात ठेवले. त्याला माझ्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला असावा. "होळकरांच्या वेळी ह्या गावात टांकसाळ होती सर," तो म्हणाला, "नाणी पाडायचे इथं. तुमची ही एवढीशी नळी म्हणजे काय?" मी व्यास वहीत उतरवून घेतला. माझं माप घेऊन तो ट्रक नंतर कुठल्या राज्यात गेला, देव जाणे.

माझ्या मते लेन्स शोधण्यातली खरी अडचण लेन्स न मिळणं ही नव्हती. ज्याला विचारावं त्याच्याकडे काहीतरी गोल असायचंच, ही होती. "नाही हो, मला यातलं कळत नाही," असं म्हणणारा माणूस मला चांदवडपासून मनमाडपर्यंत भेटला नाही. आणि "आमच्याकडे नाही" असं म्हणण्याआधी प्रत्येक जण एक वाक्य ऐकवायचा, "काय सर, फाळक्यांच्या जिल्ह्यात लेन्स मिळेना?" दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे खरं. पण १९१२ साली त्यांनासुद्धा कॅमेऱ्यासाठी लंडन गाठावं लागलं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही. एका मेहुण्याने कोल्हापुरातून फोन करून सुनावलं, की बाबूराव पेंटरांनी १९१८ साली आख्खा कॅमेरा घरी बनवला आणि तुम्हाला एक काच जमेना! मी म्हटलं, "त्यांच्या घरात आत्या आणि आतोबा नव्हते."

चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी. काच हीच त्याची रोजीरोटी, तेव्हा आशा होती.

"नंबर सांगा सर."

मी मनातल्या मनात भागाकार केला. नाभीय अंतर वीस मिलिमीटर, म्हणजे हजार भागिले वीस. "अधिक पन्नास," मी म्हटलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "पाच ना सर?"

"पन्नास."

"पेशंट कोण आहे?"

"प्रोजेक्टर."

तो बराच वेळ माझ्याकडे सहानुभूतीने पाहत राहिला. मग मुलाला चहा सांगितला आणि आतून घरात फोन लावून हळू आवाजात बोलला. संध्याकाळी मी घरी पोचण्याआधी 'सरांचा नंबर पन्नास झाला' ही बातमी घरी पोचली होती. दोन शेजारी भेटायला आले होते. एकाने जिना चढताना माझा हात धरला.

फोटो स्टुडिओवाला जास्त आधुनिक. त्याने त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स काढून समोर धरली. "अठरा-पंचावन्न आहे. तुमची वीस त्याच्यातच आली की सर!" आकडा बरोबर होता. मला वाटलं, मार्गी लागलो. पण त्या लेन्सचा घेर आमच्या भोकाच्या दुपटीहून जास्त. शिवाय कॅमेऱ्याची लेन्स फिल्मपासून चांगली लांब उभं राहायला शिकलेली असते, मध्ये आरशाला जागा लागते म्हणून. प्रोजेक्टरच्या लेन्सला रिळाच्या अगदी पोटाशी जाऊन बसावं लागतं, म्हणजे दिव्याचा उजेड इकडेतिकडे न सांडता तिच्यात शिरतो. नुसता एमेमचा आकडा जुळून भागत नाही. जाडी जुळावी लागते, मागेपुढे सरकवायचे आटे जुळावे लागतात आणि लेन्स किती आत जाते तेही. पत्रिकेत गुण जुळले तरी घरात राहायचं कुणी, हा प्रश्न उरतोच.

"हाताने धरून बघू," स्टुडिओवाला म्हणाला. धरलं. भिंतीवर अंधुक काहीतरी हललं. आतोबा म्हणाले घोडा. आत्या म्हणाली बोनेट. स्टुडिओवाला म्हणाला, "माझा अंगठा आहे."

मग आले जुने ऑपरेटर. जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवण्यात यांची हयात गेली. रेणुकामातेच्या यात्रेत त्यांच्या मशीनवर सिनेमा पाहिलेली पिढी अजून त्यांना वाकून नमस्कार करते. त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली लेन्स काढली. पस्तीस एमेमच्या मशीनची, सत्तर मिलिमीटर जाडीची. हातात घेतली तर मनगट वाकलं.

"हिने सगळ्या नाशिक जिल्ह्याला रडवलंय," ते म्हणाले.

"पण ही बसणार कशी?"

"बसवायची कशाला? मी धरतो. हात बघा माझा." हात पाहिला. हात ऐंशी वर्षांचा होता.

रीळ सुरू झालं. त्यांच्या लेन्सचं नाभीय अंतर शंभर एमेम, त्यामुळे गणिताप्रमाणे चित्र जेमतेम साडेपाच इंच. गणित मात्र अचूक निघालं. भिंतीच्या मधोमध एका चौकटीत आत्याचं लग्न लागत होतं, आणि ऑपरेटरांच्या हाताबरोबर सबंध मांडव कधी छताकडे, कधी कॅलेंडरवर जात होता. शिवाय सगळी माणसं डोक्यावर उभी. भिंग प्रतिमा उलटी करतं, म्हणून रीळ मुळातच उलटं भरायचं असतं. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण रीळ मेहुण्याने भरलं होतं. आतोबा भिंतीला नाक लावून उलटा घोडा शोधायला लागले, त्याबरोबर त्यांच्या डोक्याच्या सावलीत वरात बुडाली.

"बाजूला व्हा!" आत्या ओरडली.

"पुराव्यात ढवळाढवळ होत्येय," आतोबा म्हणाले.

मुंबईला चोरबाजारात जा, असा सल्ला एव्हाना गावातल्या प्रत्येकाने दिला होता. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी तिथे गेलेलं नव्हतं. मी गेलो, तर तिथल्या मटन स्ट्रीटवर खरोखरच लेन्सचा ढीग निघाला. पितळी, अॅल्युमिनियमच्या, कॅमेऱ्याच्या, स्लाइड प्रोजेक्टरच्या, सूक्ष्मदर्शकाच्या, आणि एक बहुधा दाराच्या पीप-होलची.

"आठ एमेम का है क्या?"

"साब, इधर सब एमेम का है."

मी वहीतला व्यास दाखवला. त्याने वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि एक जड पितळी लेन्स माझ्या हातात ठेवली. किंमत ऐकून मी ती हळूच परत ठेवली. तो म्हणाला, ही बघायची लेन्स नाही, शोपीस आहे, हॉटेलवाले नेतात. मला तेव्हा जाणवलं, की मी बाजारात एकटाच असा होतो ज्याला लेन्समधून आरपार काही बघायचं होतं.

तोडगा निघाला तो जुन्या नाशकात, एका बोळात, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने उठून उभं राहायचं. त्यांनी फाळक्यांचं नाव काढलं नाही, तिथेच माझा विश्वास बसला. त्यांनी विचारलं, "रीळ कोणतं? साधं आठ की सुपर आठ?"

मी म्हटलं, "लग्न १९६४ चं."

"मग साधं. सुपर आठ १९६५ साली आलं." असं म्हणून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. यंत्रं भंगारात गेलेल्या अनाथ लेन्स त्यात कापसात झोपवलेल्या होत्या. त्यांनी एक उचलून दाखवली. कडेवर कोरलेलं: १:१.६, आणि पुढे वीस एमेम. १.६ च्या जागचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

माझ्याबरोबर भाचा होता. त्याने मोबाइलवर बरंच वाचलेलं. तो म्हणाला, "पण आजोबा, ही सुपर आठच्या मशीनची आहे. आपल्याला चालणार नाही."

म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सुपर आठचं चित्र थोडं मोठं, भोकं लहान. रीळ अदलाबदल चालत नाही. पण लेन्सला काय माहीत बाळा, मागे कुठलं रीळ आहे? मोठं चित्र दाखवणारी लहान दाखवायला कुरकुरत नाही."

लेन्स उजेडात धरली तर आत बुरशी. काचेच्या काठापासून मधल्या भागाकडे बारीक पांढरे तंतू गेलेले, एकेका तंतूला पुन्हा फाटे. त्यांनी दोन टोकांच्या चावीने कडी फिरवली, काचा एकामागून एक कागदावर काढून ठेवल्या, प्रत्येकीची पुढची बाजू पेन्सिलीने खुणावली आणि कापसाच्या बोंडाने मधून बाहेर, मधून बाहेर असं गोल पुसत राहिले. ते फुंकर मारत नव्हते. मी सवयीने मारायला गेलो तर माझ्या तोंडापुढे त्यांनी वर्तमानपत्र धरलं. लेन्स भोकापेक्षा केसभर बारीक निघाली. पितळी पत्र्याची पट्टी कापून त्यांनी तिच्या अंगाला गुंडाळली, यंत्रात सरकवली, आणि ती बसली. ना हातोडा, ना लेथ, ना होळकरांचं नाव. पैसे इतके कमी सांगितले, की भाच्याला पुन्हा संशय आला.

रविवारी रात्री बैठकीच्या खोलीत आतोबांचंच धुतलेलं धोतर ताणून बांधलं. ऑपरेटर आले, स्टुडिओवाला आला, चष्मेवाला पेशंटला बघायला आला. लेथवाला यंत्राकडे बघत म्हणाला, "भोक मोठं केलं असतं तर लवकर झालं असतं." मी लेन्स दोन आटे फिरवली आणि धोतरावर सव्वादोन फुटांचं चांदवड उभं राहिलं. कोडाक्रोम फिल्मचे रंग साठ वर्षांत विटत नाहीत, हे ऐकलं होतं. डोंगराचा तपकिरी रंगसुद्धा कालचा वाटत होता.

पन्नास फुटांचं रीळ, चार मिनिटांचं. त्यातलं पहिलं मिनिटभर काकांनी डोंगरच घेतला होता. डोंगर हलला नाही. मग मांडव आला. मांडवातली सगळी माणसं काका फोटो काढतायत असं समजून श्वास रोखून उभी होती. चलच्चित्रात कुणीही चलत नव्हतं. आजोबा पापणीसुद्धा लवू देत नव्हते. फक्त एक लहान मुलगा नाकात बोट घालत होता. तो मी नाही, असं मी लगेच जाहीर केलं. पंगतीत मात्र सगळे भरभर हलत होते. आत्याची साडी स्पष्ट दिसली. पैठणी नव्हती. आतोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

तेवढ्यात पाठमोरी गर्दी आली. ताशे असावेत, कारण लोकांचे खांदे उडत होते. गर्दीच्या वर मुंडावळ्या, मुंडावळ्यांच्या खाली आतोबा, साठ वर्षांनी तरुण. आणि आतोबांच्या खाली, चौकटीच्या काठाशी, काहीतरी तपकिरी.

"थांबव!" आत्या ओरडली.

"थांबव तिथेच!" आतोबाही ओरडले. साठ वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

मी खटका ओढला. रीळ थांबलं. दिवा थांबला नाही. चालत्या रिळावर दिव्याची धग क्षणभरच पडते. थांबलेल्या रिळावर ती बसूनच राहते, आणि मध्ये आडवी यायची जाळी आमच्या यंत्रात केव्हाच गंजून अडकली होती. त्या तपकिरी भागाच्या बरोब्बर मधोमध एक बुडबुडा उठला, कडेने काळा झाला, पसरला आणि आतोबांच्या कमरेपर्यंत आला. मग धोतरावर फक्त लख्ख पांढरा उजेड राहिला आणि खोलीत प्लास्टिक जळल्याचा वास.

"बघितलंत?" आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाली. "हरायची वेळ आली तेव्हा पुरावाच जाळला ह्यांनी."

आतोबांनी शांतपणे चष्मा घातला. "घोडा होता म्हणून जळला," ते म्हणाले. "जीपचा पत्रा जळतो का कधी?"